बंद करून राहिलो

सर, तुमचा मुलगा पाण्यात गेला, हे तुम्हाला कोणी सांगितलं असेल की नाही, मला माहीत नाही. तुमच्या तिकडे अशा बातम्या पोचत असतील तर मी सांगायची गरज नाही. पोचत नसतील तर सांगणारा मीच असायला हवा, कारण त्याच्या कमरेचा दोर माझ्या हातात होता. पोळ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. आता धान कापणीला आलं आहे. मधले दिवस मी कसे काढले ते विचारू नका. उद्या मला चौकशीत जबाब द्यायला जायचं आहे. धरणाच्या चौकीदाराला निलंबित केलं आहे, आणि त्याची भाकर राहते की जाते ते बरंचसं माझ्या बोलण्यावर आहे. मी खरं बोललो तर चौकीदार सुटतो आणि चूक तुमच्या मुलाच्या माथी बसते. गप्प राहिलो तर तुमच्या मुलाचं नाव तसंच स्वच्छ राहतं. मॅडमना आता नवराही नाही आणि मुलगाही नाही. त्यांच्याजवळ उरलं आहे ते त्याचं नावच. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते हेच. तुम्ही होतात तोवर अशा वेळी मी तुमच्याकडेच यायचो.

तुम्ही आमच्याकडे कसे आलात याचं मला अजून नवल वाटतं. मालवणचा माणूस, उमेदीची सगळी वर्षं नौदलात पाणबुड्या म्हणून गेलेली, आणि निवृत्त झाल्यावर समुद्राकडे पाठ करून बायकोच्या माहेरी, गोंदियाजवळच्या मुर्रीला, घर बांधून राहिला. मुर्रीतले लोक म्हणायचे, "जावायानं इथं कायले घर बांधलं? तिकडचा समुद्र आटला का?" तुम्ही हसायचात. मॅडमची बदली गोंदियाच्या दवाखान्यात झाली होती, आणि तुम्ही म्हणायचात की जन्मभर मी बोटीवर आणि ती वाट बघत, आता ती कामावर आणि मी वाट बघतो. पण तुम्हाला स्वस्थ बसवेना. गोंदियातल्या पोहण्याच्या तलावावर मी तेव्हा जीवरक्षक होतो. वडील राइस मिलमध्ये पोती वाहायचे, आणि पाण्यात उभं राहून पगार मिळतो याचीच मला गंमत वाटायची. तुम्ही आलात, तलावाच्या मालकाशी हिंदीत बोललात, आमच्याशी मराठीत बोललात, आणि बुडालेल्याला काढणारी माणसं जिल्ह्यात तयार करायची असं ठरवून टाकलंत.

पहिल्याच आठवड्यात तुमचं माझ्यामुळे मनगट फुटलं. मोठ्या टाकीतून लहान टाकीत हवा भरायचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही लांबून विचारलंत, "भरली का?" मी म्हटलं, "भरून राहिलो सर." तुम्ही आलात, वाकलात आणि नळी सोडवायला हात घातलात. दाबाखालची नळी सुटली ती सापासारखी उसळून तुमच्या मनगटावर बसली. रक्त पुसत तुम्ही शांतपणे विचारलंत, "भरून राहिलास ना? मग हवा कशी चालू?" मला तुमचा प्रश्नच कळेना. आमच्याकडे भरून राहिलो म्हणजे भरतो आहे, हात अजून कामात आहे. तुमच्या कानाला ते भरून मोकळा झालो असं लागलं. गंमत अशी की हिंदीतलं 'भर रहा हूँ' तुम्हाला नीट कळायचं. पण मराठी कानावर मराठी पडली की तो हिंदीकडे वळून बघत नाही. त्या दिवशी तुम्ही पट्टी बांधता बांधता नियम केलात, की पाण्याच्या कामात 'राहिलो' हा शब्द बंद. एक तर 'झालं' म्हणायचं, नाही तर 'नाही झालं' म्हणायचं. मधलं काही चालणार नाही, कारण पाण्याखालचा माणूस मधल्यावर जगत नाही. चुकून कोणाच्या तोंडून 'राहिलो' निघालं की तलावाला फेऱ्या मारायच्या. आम्ही मागून तुमची नक्कल करायचो. डबा खाऊन उठलं की एकमेकांना विचारायचो, "झालं की नाही झालं?" पण ते हाडीमासी मुरलं. आज आमच्या पथकात कामावर 'राहिलो' कोणी म्हणत नाही, आणि नव्या पोरांना तर तो नियम कोणी आणि का केला हेही ठाऊक नाही.

पाण्यात उतरवायच्या आधी तुम्ही आम्हाला किती दिवस नुसतं काठावर बसवलंत. श्रावणातली वैनगंगा, लाल पाणी, आणि आम्ही शाळेतल्या मुलांसारखे ओळीत बसलेलो. तुम्ही वाळलेली काडी टाकायचात आणि म्हणायचात, ती कुठे जाते ते बघू नका, कुठे थांबते ते बघा. पुलाच्या खांबामागे पाणी स्वस्थ दिसतं, तिथे ते गोल फिरत असतं. बंधाऱ्याखाली वरचं पाणी उलटं, बंधाऱ्याकडेच येतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा धारेखाली नेऊन घालतं. पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. दोन खळबळत्या पट्ट्यांमध्ये एखादी गुळगुळीत जागा दिसली तर हुरळायचं नाही, ओढ तिथेच असते. उतरायचं ते प्रवाहाच्या तोंडाला, म्हणजे दमल्यावर तोच आपल्याला परत आणतो. आणि ओढीत सापडलात तर तिच्याशी भांडायचं नाही, आडवं निघायचं. टाकीतली हवा जायला, यायला आणि अडीअडचणीला अशी वाटून ठेवायची, आणि अडचणीच्या वाट्याला हात लागायच्या आत परत फिरायचं. सगळं अजून पाठ आहे. मी शिकवतो तेव्हा शब्द माझे नसतात, तुमचेच असतात.

एक धडा मात्र तुम्ही शिकवला नाहीत, दाखवलात. नदीच्या पुलाखाली एक जण बुडाला होता. काठावर ही गर्दी. तुम्ही छातीपर्यंत पाण्यात गेलात, थोडा वेळ नुसते उभे राहिलात, आणि परत येऊन मुखवटा काढलात. म्हणालात, "आज नाही. हे माझ्या कुवतीबाहेरचं आहे. पाणी उतरलं की येतो." एक म्हातारा पुढे आला, तुमच्या पायाजवळ थुंकला. "मंग हे सोंग कायले घालून आला?" तो म्हणाला. कोणी तरी हिंदीत आईवरून शिवी दिली. आम्हाला वाटलं आता तुम्ही भडकाल. तुम्ही मात्र पायातले रबरी पंजे काढून एकात एक घातलेत आणि त्या म्हाताऱ्याला नमस्कार केलात. येताना कोहमाऱ्याच्या ढाब्यावर आम्ही जेवलो, तुम्ही काही खाल्लं नाही. जीपमध्ये बसल्यावर म्हणालात, "कुवत कळणं सोपं असतं रे. ती लोकांसमोर बोलून दाखवणं अवघड." मला तेव्हा ते फार मोठं वाटलं होतं. आता वाटतं, तुम्ही नशीबवान होतात सर. तुमच्यासमोर लाल पाणी घुसळत होतं, दिसत होतं, म्हणून तुम्हाला परत फिरता आलं. जे दिसतच नाही त्यापासून माणूस कसा परत फिरेल?

गेटच्या पाण्याबद्दल तुम्ही सांगितलं होतं. नदी ढकलते, गेट खेचतं. ढकलणारं पाणी माणसाला कुठे तरी नेऊन सोडतं, खेचणारं सोडत नाही. आणि धरणाच्या आत, कालव्याच्या दारापाशी, वर पान हलत नाही. खाली हातभर फट उघडी असली तरी वरून तळं झोपल्यासारखं दिसतं. तिथे काडी उपयोगाची नाही, डोळे उपयोगाचे नाहीत. "गेटपाशी डोळ्यांवर उतरायचं नाही," तुम्ही म्हणाला होतात, "तिथे गेटचं चाक फिरवणाऱ्या माणसाच्या शब्दावर उतरायचं. म्हणून तो शब्द नीट हवा." मी हे वाक्य कितीदा तरी पुढे सांगितलं आहे. तुमच्या मुलालाही मीच सांगितलं होतं.

तुमचं घर मला आठवतं ते स्वयंपाकघराकडून. मागच्या दाराने यायची आम्हाला मुभा होती. मॅडम ड्युटीवरून येऊन, नर्सची साडीही न बदलता, स्टोव्हवर कालवण ठेवायच्या. तुमच्या बहिणीने पाठवलेली आमसुलं आणि आमच्या तळ्यातला मासा. तुम्ही एक घास घेऊन म्हणायचात, चव आहे, समुद्र नाही. मॅडम म्हणायच्या, मग जा समुद्रात. त्या मुर्रीच्याच, शेतीवाडीच्या घरच्या. मागच्या अंगणात धुणं घालताना शेजारणीशी बोलायच्या तेव्हा त्यांचं बोलणं माझ्या आईसारखंच असायचं. पण उंबरा ओलांडून आत आल्या की त्यांची मराठी तुमची व्हायची. मला त्याचा अचंबा वाटायचा. पोरगं तेव्हा तीन-चार वर्षांचं. एकदा तुम्ही हाक मारलीत आणि ते अंगणातून ओरडलं, "बाबा, मी खेळून राहिलो." तुम्ही बाहेर गेलात, त्याला कडेवर घेतलंत आणि म्हणालात, "खेळतोय म्हण. खेळून राहिलो हे काय गावंढळ?" त्याने दोनदा म्हणून दाखवलं. तुम्ही शाबासकी दिलीत. मॅडम तवा पुसत होत्या. मला त्यात वावगं वाटलं नाही सर. उलट आपल्या पोरांनाही असंच बोलायला शिकवावं असं वाटलं. कामावर तुम्ही तो शब्द बंद केलात त्याला कारण होतं, तुमचं मनगट फुटलं होतं. घरात बंद केलात त्याला काय कारण होतं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता विचारतो आहे, आणि उत्तर येणार नाही हेही मला ठाऊक आहे.

तुम्ही गेलात तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. पाण्यात कधी हरला नाहीत, आणि घरी आरामखुर्चीत, पेपर वाचता वाचता, हृदयाने दगा दिला. मॅडमनी त्याला शिकायला पुण्याला मावशीकडे ठेवलं. तिकडेच तो मोठा झाला. सुट्टीत यायचा तेव्हा पाहुण्यासारखा. मग ऐकलं की गोव्याला पाण्याखाली पोहायला शिकवतो, मग अंदमानला. आणि मागच्या वर्षी दारात येऊन उभा राहिला. "काका, आई एकटी आहे. तुमच्या पथकात घ्याल का?" मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. तुमचीच उंची, तुमचंच ते आधी खाली बघून मग बोलणं. आणि काम म्हणाल तर माझ्यापेक्षा सरस. तो धाडसी नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. लोक आता म्हणतात, जवान पोरगं होतं, जोशात उतरलं. खोटं आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी एका नाल्यावर त्याने तोंडावर नाही म्हटलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या. मी बाजूला उभा होतो, आणि मला तुमचा तो पूल आठवला होता. त्याला स्वतःची कुवत कळत होती. त्याला एक शब्द कळला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे म्हणून सकाळी बैल धुवायला नेतात. सालेकसाच्या बाजूला एका लहान धरणावर एक शेतकरी बैल घेऊन उतरला आणि बुडाला. बैल एकटेच ओले घरी आले, त्यावरून कळलं. जागा कालव्याच्या दारापासून फार लांब नव्हती, आणि धानासाठी कालवा चालू होता. आम्ही पोचलो तेव्हा माणूस जाऊन बराच वेळ झाला होता. वाचवायचं कोणी उरलं नव्हतं, माती द्यायला देह काढायचा होता, एवढंच. गावात चुली पेटल्या नव्हत्या. त्याचा भाऊ काठावर उकिडवा बसला होता, बायको लांब बायकांमध्ये. कोणी घाई केली नाही, कोणी शिवी दिली नाही. त्याच्या भावाने मला इतकंच विचारलं, "सांजच्या आत निघंन का जी?" मी चौकीदाराला गेट पूर्ण बंद करायला सांगितलं. तो भिंतीवरच्या खोलीकडे धावत गेला. मोटार बिघडलेली होती, चाक हाताने फिरवायचं. ती खोली भिंतीच्या वळणापलीकडे, आमच्या जागेवरून दिसत नव्हती, म्हणून फोन. मी दोर सोडवत पाण्याच्या कडेला होतो. तुमचा मुलगा तयार होऊन वर उभा होता, फोन त्याच्या हातात. त्याने विचारलं, "गेट बंद?" पलीकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही. तो माझ्याकडे वळला, बोटांची गोल खूण केली आणि म्हणाला, "बंद झालं, काका."

झालं. तुमचा शब्द. इतकी वर्षं मी त्या शब्दावर माणसं पाण्यात सोडली आणि तो कधी खोटा निघाला नाही. तो जर म्हणाला असता, काका, चौकीदार म्हणतो बंद करून राहिलो, तर मी त्याचा हात धरून खाली बसवलं असतं. पण त्याने मला भाषांतर करून दिलं. चांगल्या मराठीत, तुमच्या मराठीत. मी दोर तपासला, त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने काडी टाकून बघितली, काडी जागची हलली नाही. तो उतरला.

दोर आधी नेहमीसारखा जात होता, थोडा थोडा. मग हातातून सरसर सरकला, आणि मग ताठ झाला. झटका नाही, खूण नाही. आम्ही चौघांनी ओढला. तो भाऊसुद्धा ओढायला आला. दोर जमिनीत पुरलेल्या खुंट्यासारखा, तसूभर येईना. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. अचानक तो सैल पडला, इतका की आम्ही मागे पडलो. आणि तेवढ्यात भिंतीवरून चौकीदार धावत येताना दिसला, हात धोतराला पुसत, धापा टाकत, काम वेळेत पुरं केल्याच्या आनंदात. "झालं साहेब," तो म्हणाला. "बंद झालं." मग मी उतरलो. गेटच्या तोंडावरच्या जाळीपाशी तुमचा मुलगा आणि तो शेतकरी, दोघंही होते. टाकीत हवा शिल्लक होती. याहून जास्त मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही या धंद्यातले आहात.

फोनवर काय बोलणं झालं ते मला बुडालेल्याच्या भावाने सांगितलं, तेराव्याला. तो तुमच्या मुलाच्या शेजारीच उभा होता. फोनचा आवाज मोठा होता, त्याने ऐकलं होतं, "हो साहेब, बंद करून राहिलो." मी म्हटलं, मग तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, "मले वाटलं, तुमाले तुमचं काम समजते." चौकशीला बाहेरचे साहेब आले आहेत, भला माणूस आहे, पण कान तुमच्यासारखाच. चौकीदाराने त्यांना शब्द न् शब्द सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे बंद केलं असंच सांगितलंस ना?" तो म्हणाला, "बंद करून राहिलो म्हटलो साहेब." ते म्हणाले, "तेच तर." असं तीनदा झालं म्हणे. परवा तो बायकोला घेऊन माझ्याकडे आला. खुर्ची दिली तर खाली बसला. "काऊन उतरला तो?" तो मला विचारत होता. "मी तं चाक फिरवूनच राहिलो होतो. मी का खोटं बोललो? माह्या बापानं, आज्यानं जसं बोललं तसंच बोललो. साहेबाले माही भाषा समजत नाही, तं मी मुका होऊ का?" जाताना त्याच्या बायकोने माझ्या बायकोच्या पाया पडायचा प्रयत्न केला.

रागवावं तर कोणावर? चौकीदार खरं बोलला. तुमचा मुलगा खरं समजून बोलला. मी जे ऐकलं त्यावर वागलो. चूक शोधायला गेलो की हात रिकामा येतो, आणि माणूस मात्र गेलेला आहे. मला पाण्याची भीती कधी वाटली नाही, आता माणसांच्या बोलण्याची वाटते. पथकातलं पोर येऊन "काका, झालं" म्हणतं. मी तीनतीनदा विचारतो, स्वतः जाऊन हात लावून बघतो, तरी कोणाला पाण्यात सोडवत नाही. मी आता कोणाला शिकवू शकेन असं मला वाटत नाही. तुम्ही परत फिरायला शिकवलंत, पण परत काठावर आल्यावर जगायचं कसं ते राहून गेलं.

आज संध्याकाळी मुर्रीला गेलो. जबाबाच्या आधी मॅडमना सांगायला हवं होतं. मागच्या दारानेच गेलो. त्यांनी चहा टाकला. खूप वाळल्या आहेत. मी इकडचं तिकडचं बोलत बसलो, धान कसं आहे, छताला गळती आहे का. त्याच म्हणाल्या, "उद्या जायचंय ना तुला? तो चौकीदार फोनवर नेमकं काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांग." मी म्हटलं, "बंद…" त्या गाळणं धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी त्या स्वयंपाकघरात कधीच ऐकली नव्हती त्या बोलीत म्हणाल्या, "करून राहिलो म्हटलं असंन त्यानं."

चहा उतू गेला. मी उठून गॅस बंद केला. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "माह्या लेकाले माही बोली समजली नाही," त्या म्हणाल्या. मग हळूहळू बोलत गेल्या. लहानपणी तो त्यांच्याशी तसंच बोलायचा. तुमची जीप वळणावर वाजली की त्या त्याला घाईघाईने सांगायच्या, आता नीट बोल, बाबा आले. मग त्याला बोलणी खावी लागू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच त्याच्याशी तसं बोलणं सोडलं. पुण्याला गेल्यावर तर प्रश्नच उरला नाही. "मीच पुसली त्याची बोली," त्या म्हणाल्या. "पाटी पुसते तसं पुसली." मी म्हटलं, मॅडम, तुमचा काय दोष. त्यांनी ते ऐकलंच नाही. म्हणाल्या, "उद्या जे आहे ते सांग. त्या बिचाऱ्याच्या पोराबाळाइले कायले उपाशी मारतं?" मी म्हटलं, लोक त्याला नाव ठेवतील, शिकलेल्या पोराला साधा शब्द कळला नाही म्हणतील. "म्हनू दे," त्या म्हणाल्या. "लोकाइचं तोंड मी कोठवर धरू."

मी निघालो. त्या दारापर्यंत आल्या, आणि परत मागे जाऊन त्यांनी समोरच्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. तिथे तुमचा फोटो आहे, शेजारी आता त्याचा. मग माझ्याजवळ येऊन अगदी हलक्या आवाजात, त्याच बोलीत म्हणाल्या, "त्यायले मात्र सांगू नोको. त्यायले सहन नाही होनार." तुम्हाला कळू नये म्हणून त्या तसं बोलल्या, हे मला रस्त्यावर आल्यावर समजलं. मी त्यांना हो म्हटलं होतं. आणि घरी येऊन हे सगळं बसून लिहिलं, तुमच्या मराठीत, एकही शब्द तुम्हाला अडू नये असं. हे पाठवायला पत्ता नाही, आणि तुमच्या फोटोपुढेही मी ते वाचणार नाही. पण मॅडमना शब्द देतानाच मला ठाऊक होतं की तो मी पाळणार नाही. तुम्हाला कळायला हवं असं मला वाटत होतं, सर.